सहलीसाठी पालकांनी पैसे जमवताना या चुका टाळा (यातल्या तीन मी स्वतः केल्यात)

आमच्याकडे पाचवीची सहल ठरली, नाशिकहून वेरूळ आणि दौलताबाद, एक मुक्काम, माणशी १५०० रुपये. सप्टेंबरात ग्रुपवर मेसेज पडला आणि दोन दिवसांत चार पालकांनी कळवलं की आमच्या मुलाला नाही पाठवणार, त्याला बरं नसतं. सहल डिसेंबरात! तीन महिने आधीच ताप येणार हे कळलं म्हणजे ताप कशाचा आहे ते सांगायला डॉक्टर नको. मग आम्ही काही जणींनी ठरवलं की दिवाळीत स्टॉल लावू, पैसे जमवू, सगळी चाळीसच्या चाळीस पोरं जाऊ देत. हेतू एकदम चांगला होता आणि तरी आम्ही इतका घोळ घातला की विचारू नका.

आधी पैसे जमवायला धावणं, हिशोब नंतर

ही सगळ्यात फुकट टाळता येणारी चूक. आमच्या अंदाजपत्रकात लेण्यांचं तिकीट ४० रुपये गुणिले ४० मुलं असं धरलेलं होतं, म्हणजे १६०० रुपये, आणि पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांना १५ वर्षांपर्यंतच्या मुलांना तिकीटच नसतं! मुलांच्या वयाचा पुरावा म्हणून शाळेच्या लेटरहेडवर यादी नेली की झालं. दुसरं म्हणजे गाडी. खासगी बसचं कोटेशन आलं होतं तेच सगळ्यांनी धरून ठेवलं, एसटी शालेय सहलींना भाड्यात ५० टक्के सवलत देते हे कुणाला आठवलंच नाही, मुख्याध्यापकांच्या पत्रासह आगारात वेळेत अर्ज करावा लागतो एवढंच. आणि हो, वेरूळ मंगळवारी बंद असतं, अजिंठा सोमवारी. आमची पहिली तारीख मंगळवारची निघाली होती, हसू नका.

सर-मॅडमचा खर्च कुठून जाणार, बरोबर येणाऱ्या दोन पालकांचा कुठून, हेही आधीच उघड लिहा. आमच्याकडे मदतीला येणाऱ्या आईने धाकट्यालाही बरोबर घेतलं आणि त्याची सीट, जेवण कुणाच्या पैशातून हे कुणी विचारलंच नाही, म्हणजे तोंडावर नाही विचारलं, मागे महिनाभर तेच चाललं होतं. आता आमचा नियम असा की शिक्षकांचा खर्च एकूण खर्चात धरायचा आणि तसं सांगायचं, मदतनीस पालकांनी आपापले पैसे भरायचे, भावंडं घरी.

ग्रुपवर नावांची यादी आणि पुढे हिरवी खूण

ही माझी चूक, कबूल. कॉपी करायचं, आपल्या मुलाच्या नावापुढे टिक टाकायची, पुन्हा पेस्ट करायचं, किती सोयीचं वाटतं ना? रोज यादी वर येते आणि रोज तीच सहा-सात नावं बिनटिकेची दिसतात, आणि ती यादी आई-बाबांच्या फोनवर पोरंही बघतात. एका मुलीने वर्गात दुसरीला सांगितलं की तुझं नाव अजून रिकामं आहे. माझ्या लेकीनेच मला येऊन सांगितलं, तेव्हा जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

ज्यांनी यादी आधीच टाकली असेल त्यांनी ती सगळ्यांसाठी डिलीट करावी, "पुढचा हिशोब मॅडमकडे वैयक्तिक" एवढाच एक मेसेज टाकावा आणि गप्प बसावं. स्पष्टीकरण देत बसलात तर लक्ष परत त्याच नावांकडे जातं. ग्रुपवर फक्त एकूण आकडा टाकायचा, इतके जमले, इतके बाकी.

तारखेचंही बघा. आम्ही शेवटची तारीख २८ ठेवली होती, बऱ्याच घरांत पगार ७ ते १० तारखेला हातात येतो. तारीख १२ केली आणि तीन हप्त्यांची मुभा दिली तर निम्मे "आजारी" तिथेच बरे झाले.

प्रत्येक मुलाला टार्गेट

सगळ्यात जास्त भांडण इथेच. "प्रत्येकाने उटण्याची २० पाकिटं विकायची" हे ऐकायला समान वाटतं, समान आहेच, पण न्याय्य नाही. ज्याचे बाबा मोठ्या ऑफिसात आहेत त्यांनी लंच टाइममध्ये ५० खपवली, एका आईचं माहेर-सासर दोन्ही सोसायट्यांत, तिने घरबसल्या ३०. आणि एका मुलाची आई चार घरी पोळ्या करते, तिने कुणाला विकायची, ज्यांच्याकडे काम करते त्यांनाच? तिने शेवटी आठ पाकिटं स्वतःच्या पैशाने घेतली. म्हणजे ज्या घरावरचा भार कमी करायला हा उद्योग काढला त्याच घराच्या खिशातून आम्ही पैसे काढले.

त्यावर एका हुशार बाबांनी आयडिया काढली की ज्याने जितकं विकलं तितकी त्याच्याच मुलाच्या फीमधून वजा करू, मेहनतीचं फळ वगैरे. बऱ्याच जणांना पटलंही. मला आधी पटलं होतं, खोटं कशाला बोलू. पण करून बघा कागदावर: ऑफिसवाल्या बाबांचा मुलगा जवळजवळ फुकट जातो आणि पोळ्यावाल्या ताईंना पूर्ण १५०० भरावे लागतात, वर मगाशी घेतलेली आठ पाकिटं वेगळीच. स्टॉल वर्गाच्या नावाने लावला, गिऱ्हाइकाने वर्गाच्या मुलांसाठी म्हणून विकत घेतलं, मग तो पैसा एका पोराच्या खात्यात कसा जाईल?

आम्ही शेवटी असं केलं: सगळा फायदा एका भांड्यात, सामानाचा खर्च वजा जाता १८,००० उरले, भागिले ४०, प्रत्येकी ४५० कमी. सगळ्यांनी भरायचे १०५०, ज्याने काही विकलं नाही त्यानेही, ज्याने ५० विकली त्यानेही. तक्रार आली, येणारच, एका पालकांनी तर "मग मी कशाला राबलो" असं विचारलं. त्यांना मी म्हटलं, दादा, तुमच्याही पोराचे ४५० वाचलेच की. ते गप्प बसले, पटलं का माहीत नाही.

आता कुणी म्हणेल सगळ्यांना सारखं कमी करण्यापेक्षा गरजूंनाच सगळं द्या. हेही चूक नाही, पण मग गरजू कोण हे ठरवावं लागतं, अर्ज, चौकशी, कुजबुज. त्यापेक्षा आधी सगळ्यांसाठी रक्कम उतरवायची आणि तरी ज्यांना जड जातं त्यांनी फक्त वर्गशिक्षिकेला सांगायचं, पालकांच्या कमिटीला नावं कळायची गरजच नाही, मॅडमनी फक्त "अजून ३००० लागतील" एवढं सांगायचं.

बाय द वे, खासगी शाळांत पहिली ते आठवीच्या वर्गांत शिक्षण हक्क कायद्याच्या (आरटीई) २५ टक्के राखीव प्रवेशातून आलेली मुलं असतात, त्यांच्याबद्दल "त्यांना सरकार देतंच ना सगळं" हे वाक्य कृपया ग्रुपवर नको. सरकार शाळेला फीची भरपाई देतं, सहलीचे पैसे त्यात येत नाहीत.

फक्त रोख मोजणं

चकल्या कुणी तळल्या? पाच बायकांनी दोन रात्री. त्यातल्या दोघींनी भाजणी, तेल घरचंच वापरलं आणि बिल मागायला लाजल्या. आणि आभाराच्या मेसेजमध्ये नाव कुणाचं, तर २००० जीपे करणाऱ्यांचं! सामानाचं बिल मागितलं नाही तरी द्या, आधीच सांगून ठेवा की बिलाशिवाय सामान घ्यायचं नाही. आणि आभार मानायचे तर सगळ्यांचे एकत्र माना, रकमा न लिहिता.

तसंच दानशूर पालक. "पाच गरीब मुलांचा खर्च आमच्यातर्फे", सोबत बॅनर आणि फोटोत ती पाच मुलं. पैसे नक्की घ्या, नाही कशाला म्हणा, पण भांड्यात घ्या. बॅनर हवाच असेल तर त्यावर सगळा वर्ग.

एकाच्या खात्यात पैसे आणि तोंडी हिशोब

क्यूआर कोड माझा होता. त्याच खात्यातून किराणा, त्यातूनच लाइटबिल, आणि पंधरा दिवसांनी मलाच कळेना कुठले ६४० रुपये कशाचे. कुणी संशय घेतला नाही, पण घेतला असता तर माझ्याकडे उत्तर नव्हतं. शक्य असेल तर पैसे शाळेत भरून पावती घ्या, नाहीतर निदान एक रिकामं खातं वापरा आणि रोज रात्री दोघांनी मिळून वहीत लिहा. गोंधळ झालाच असेल तर स्टेटमेंट काढून सहलीच्या एंट्र्यांवर हायलाइटर मारा, मेळ बसत नाही ती रक्कम स्वतः भरा आणि विषय संपवा. मी ६४० भरले.

आणि उरलेल्या पैशांचं आधीच ठरवा, नंतर नाही. आयत्या वेळी एक मुलगा खरंच आजारी पडला (यावेळी खरंच, कांजिण्या) तर त्याला १०५० परत द्यायचे का, का एसटीचं भाडं कापून? आमच्यात यावर चार दिवस चर्चा झाली आणि तोवर त्याच्या आईने दोनदा फोन केला. जेवण-मुक्कामाचे पैसे परत मिळाले, गाडीचे नाही, तेवढी तूट भांड्यातून भरली.