लिनोकट: कोरणं जमतं, घोळ होतो तो शाईत

लिनोकट म्हणजे लिनोलियमच्या, थोडक्यात लिनोच्या, मऊ तुकड्यावर चित्र कोरून, शाई लावून कागदावर घेतलेली छाप. पहिली छाप बिघडली की बहुतेक जण कोरणीला दोष देतात. कोरीवकाम बऱ्याचदा ठीकच असतं, गडबड शाईत झालेली असते.

पोस्टकार्डाएवढा, साधारण ३ मिमी जाडीचा लिनो घ्या. छाप उलटी येते, म्हणून ट्रेसिंग पेपर पालथा ठेवूनच चित्र उतरवा. जे कोराल ते पांढरं, जे ठेवाल ते काळं. चित्रकार नंदलाल बोस यांचं दांडीयात्रेवरचं १९३० सालचं ‘बापूजी’ हे लिनोकट नीट पाहा: काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी आकृती. सुरुवातीला असंच काहीतरी निवडा. पांढरी रेघ कोरणीच्या एका फटक्यात निघते, काळी राखायची तर दोन्ही बाजू कोराव्या लागतात.

लिनो कडक वाटला तर पाच मिनिटं उन्हात ठेवा. एक-दीड मिमी कोरलं की पुरे. मागचं तागाचं कापड दिसलं म्हणजे जास्त खोल गेलात. मोकळा हात कायम कोरणीच्या मागे. यात सूट नाही.

आता शाई. पोस्टर कलर चालतो, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. तो रेघांत उतरतो आणि कागद ठेवेपर्यंत वाळतो. ब्लॉक प्रिंटिंगची तेलाची शाईच आणा, आणि ती टर्पेंटाइननं पातळ करू नका. घट्ट शाई उंच भागावरच बसते, पातळ झाली की खाचांत ओघळते.

काचेवर जेमतेम पाव चमचा शाई घ्या. रोलर आडवा-उभा फिरवा, मधेमधे उचला. शाई जास्त असेल तर चप्-चप् आवाज येतो आणि काचेवर संत्र्याच्या सालीसारखे खड्डे दिसतात. अशा वेळी रोलर लिनोला लावूच नका, आधी काचेवरची शाई खरवडून कमी करा. बारीक, सलग चर्र ऐकू आली की थर बरोबर आहे.

लिनोवर पाच-सहा पातळ हात द्या, दर वेळी दिशा बदलून. रोलरवर जोर देऊ नका. दाबला की शाई कडांवरून खाली सरकते आणि बारीक रेघा बुजतात. एकदा बुजलेली रेघ वर आणखी शाई लावून मोकळी होत नाही. लिनो पुसा, पुन्हा सुरू करा. कोरा लिनो थोडी शाई पितो, त्यामुळे पहिल्या एक-दोन छापा फिक्या येणारच. तेवढ्यानं घाबरून थर वाढवू नका.

१०० जीएसएमच्या (चौरस मीटरला १०० ग्रॅम वजनाच्या) आसपासचा गुळगुळीत कागद ठेवा, लाकडी चमच्याच्या पाठीनं गोल-गोल घासा. एक कोपरा उचलून बघा. पांढरे ठिपके दिसले तर कोपरा परत टेकवून तिथेच आणखी घासा. तरीही राहिले, तरच पुढच्या छापेला शाईचा एक हात वाढवा.

छापा दोरीवर टांगा. वाळायला दोन-चार दिवस, पावसाळ्यात जास्त. काच आणि रोलर खाण्याच्या तेलानं पुसून साबणानं धुवा.