स्तूपांची टपाल तिकिटं जमवायचीत? दीक्षाभूमीपासून सुरुवात करा

नागपूर स्टेशनवर आर.एम.एस.मध्ये, म्हणजे रेल्वे टपाल सेवेत, मी सत्तावीस वर्षं सॉर्टिंग केलं. तिकिटं जमवायला लागले ती निवृत्त झाल्यावर, त्यामुळे नवख्या माणसाचं कुठे चुकतं ते अजून ताजं आठवतं. ‘सगळी मंदिरं, मशिदी, चर्च’ असा विषय घेऊ नका. वही भरते, मन भरत नाही. जिथे चालत जाता येतं अशी एक वास्तू धरा. मी दीक्षाभूमी धरली.

तिचं तिकीट १४ एप्रिल २०१७ ला इथे नागपुरातच प्रकाशित झालं. ते आधी घ्या आणि मग स्तूपात जाऊन या. घुमट आतून पोकळ आहे, त्याखाली उभं राहून मान वर करता येते. ज्या सांचीच्या धर्तीवर तो बांधला, तो स्तूप मात्र भरीव, त्याला बाहेरूनच प्रदक्षिणा घालायची. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं, की सांचीच्या तिकिटावर नेमकं काय बघायचं ते कळतं.

पुढची पायरी १५ ऑगस्ट १९४९ ची पुरातत्त्व मालिका. १६ तिकिटं आहेत, सगळ्यांच्या मागे लागू नका. तीन आण्यांवर सांचीचं पूर्वेकडचं तोरण आहे, साडेतीन आण्यांवर बोधगयेचं मंदिर. ही रोजच्या वापराची तिकिटं, विशेष तिकिटं नव्हेत, पण यांच्याशिवाय स्तूपांची वही मला अपुरी वाटते. एक आण्यावरचा बोधिसत्त्व आरशात दिसावा तसा उलटा छापला गेला होता. १९५० मध्ये तो सुलटा करून पुन्हा काढला. दोन्ही शेजारी लावा. मग दोन देशांनी मिळून काढलेल्या जोड्या: २००८ ची भारत-चीन जोडी (बोधगयेचं महाबोधी आणि लुओयांगचं श्वेताश्व मंदिर) आणि २०१८ ची भारत-व्हिएतनाम जोडी (सांची आणि फो मिन्ह पॅगोडा). नऊ तिकिटं झाली. एका वर्षाला एवढं पुष्कळ आहे.

नवी तिकिटं जीपीओतल्या फिलाटेलिक ब्युरोत, म्हणजे संग्राहकांसाठीच्या विभागात, छापील किमतीला मिळतात. तिथे डिपॉझिट खातं उघडलं तर घरपोच येतात. ब्रोशर मागून घ्याच, वास्तूची माहिती त्यात असते. जुनं तिकीट विक्रेत्याकडून घेताना उजेडासमोर धरा. कागद कुठे विरळ दिसला किंवा कडेचा दाता तुटलेला असला, तर परत द्या. शिक्का कोपऱ्यात असावा, शिखरावर नको.

पाकिटावरचं तिकीट ओढून काढू नका. भोवती बोटभर कागद ठेवून कापा, साध्या कोमट पाण्यात वीसेक मिनिटं ठेवा. ते आपोआप सुटतं. चिमट्याने उचलून टिपकागदावर पालथं ठेवा. वर्तमानपत्रावर ठेवलंत तर शाई लागते. पुरतं वाळलं की जाड पुस्तकात दाबा. कोऱ्या तिकिटाला मात्र पाणी लावायचं नाही, हिंजही (वहीत चिकटवायची डिंकाची छोटी पट्टी) नाही. मागचा डिंक जपायचा, म्हणून पारदर्शक माउंट, म्हणजे तिकिटाची छोटी पिशवी, वापरा.

आता नागपूरकरांसाठी सगळ्यात महत्त्वाचं. आपल्याकडे पावसाळ्यापेक्षा कूलरची दमट हवा घातक. एका मे महिन्यात मी स्टॉकबुक (तिकिटं ठेवायची वही) कूलरच्या खोलीत, टीपॉयवर आडवं ठेवलं, वर दोन जाड डायऱ्या. जून उजाडला तेव्हा दीक्षाभूमीच्या चार तिकिटांचा कोरा ब्लॉक पानाला घट्ट चिकटला होता. नखाने एक कोपरा उचलला तर कागदाचा पापुद्रा निघाला. शेवटी पाण्यात घालून सोडवला. तिकिटं वाचली, डिंक गेला. त्या रात्री मला झोप लागली नाही.

तेव्हापासून स्टॉकबुक कूलर नसलेल्या खोलीत, लोखंडी कपाटात उभं असतं, शेजारी सिलिका जेलच्या पुड्या. उन्हाळ्यात दर रविवारी सकाळी, कूलर सुरू व्हायच्या आधी, मी पान न् पान उघडून त्याला कोरडी हवा देते.