नव्या सर्जरी विभागात सीट घेण्याआधी काय काय बघायचं

गेल्या वर्षी पीजीच्या, म्हणजे एमबीबीएसनंतरच्या पदव्युत्तर प्रवेशाच्या, कौन्सेलिंगच्या दिवसांत माझा भाचा सांगलीत विश्रामबागेतल्या माझ्या दवाखान्यात येऊन बसला. शेवटचा पेशंट गेल्यावर म्हणाला, "मामा, जनरल सर्जरी मिळू शकते, पण विभाग नवा आहे. पीजी सुरू होऊन दोनच वर्षं झालीत. टाकू का लिस्टमध्ये?"

मी विचारलं, "तिथे भूलतज्ज्ञ किती आहेत?"

तो हसला. त्याला वाटलं मी विषय बदलतोय.

आपल्याकडे कॉलेजचं नाव विचारायची सवय आहे. मिरजेचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६२ पासून आहे, कराडचं कृष्णा १९८४ पासून. तिथे कुणाला काही सांगावं लागत नाही, तीन पिढ्यांचे सर्जन बाहेर पडलेत. साताऱ्याचं शासकीय महाविद्यालय मात्र २०२१ साली सुरू झालं. आणि जुन्या कॉलेजातही एखाद्या विषयाची पीजी नवी असू शकते. नव्या विभागाचं नाव अजून व्हायचं असतं, त्यामुळे नावाची चौकशी करून हाती काही लागत नाही. तुमची तीन वर्षं पुरी होईपर्यंत तिथली माणसं आणि पेशंट टिकतील का, एवढंच शोधायचं. पीजीत एका कॉलेजातून दुसऱ्यात बदली मिळत नाही. आत गेल्यावर बाहेर पडायचं एकच दार, राजीनाम्याचं, आणि त्याला मुदत असते, दंड असतो.

कागद आधी, पण अर्ध्या तासात उरका

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या संकेतस्थळावर कॉलेज आणि विषय शोधा. किती जागांना परवानगी आहे, कोणत्या वर्षी मिळाली, पुढे जागा वाढल्या की घटल्या, हे बघा. जागा घटल्या असतील तर कारण विचारा, बहुधा कुणीतरी प्राध्यापक गेलेला असतो. पूर्वी पहिल्या बॅचच्या डोक्यावर 'डिग्रीला मान्यता मिळेल ना?' ही टांगती तलवार असायची. २०२३ च्या पीजी नियमावलीने ती बरीचशी काढली, परवानगी मिळालेला अभ्यासक्रम आता मान्यताप्राप्त धरला जातो. म्हणून घरच्यांनी 'मान्यता आहे ना' एवढंच विचारून समाधान मानू नये. मान्यता आहेच. प्रश्न शिकायला मिळेल का, हा आहे.

डीएनबीची (एमएसच्या तोडीची दुसरी पदव्युत्तर पदवी) सीट असेल तर परवानगी आयोगाची नसते, राष्ट्रीय परीक्षा मंडळाची (एनबीईएमएस) असते आणि ती ठरावीक मुदतीची असते. ती कधी संपते ते बघा. तुमच्या दुसऱ्या वर्षात संपत असेल तर नूतनीकरणाचं काय चाललंय, हे सरळ विचारा.

मग माणसं

इथे वेळ घालवा. कॉलेजच्या संकेतस्थळावर सर्जरीच्या शिक्षकांची यादी असते. ती कागदावर उतरवा आणि प्रत्येक नावासमोर तीन गोष्टी लिहा. ते इथे कधीपासून आहेत? वय साधारण किती? विद्यापीठाची पीजी शिक्षक म्हणून मान्यता आहे का?

वय एवढ्यासाठी की अध्यापकाला सत्तरीपर्यंतच शिकवता येतं. नव्या खासगी कॉलेजात प्रमुख पुष्कळदा सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले असतात. माणूस उत्तम, हात उत्तम, पण आज ६८ वर्षांचे असतील तर तुमच्या शेवटच्या परीक्षेला ते नसणार. त्यांच्या मागे कोण उभं आहे? चाळिशी-पंचेचाळिशीतले एक-दोन सहयोगी प्राध्यापक असतील आणि ते याच गावात घर करून राहत असतील, तर विभाग टिकतो. मुलं कुठल्या शाळेत जातात हेसुद्धा मी विचारतो. कुटुंब पुण्यात आणि सर सोमवार ते शुक्रवार गेस्ट हाउसवर, असं असेल तर समजून घ्यायचं.

सरकारी कॉलेजात राजीनाम्यापेक्षा बदलीची भीती जास्त. नवं कॉलेज उभं राहताना जुन्यातली माणसं प्रतिनियुक्तीवर येतात आणि एका आदेशावर परतही जातात. कायम किती, कंत्राटी किती, प्रतिनियुक्तीवर किती, हे माहितीच्या अधिकारात दहा रुपयांच्या अर्जावर विचारता येतं. उत्तराला तीस दिवसांची मुदत असते, म्हणून अर्ज नीट-पीजीचा निकाल लागायच्या आधीच टाका. कौन्सेलिंग सुरू झाल्यावर टाकलेल्या अर्जाचं उत्तर तुम्ही रुजू झाल्यावर येतं.

हे मी एवढं लावून धरतो, कारण माझ्या पीजीत माझे थिसिसचे गाईड दुसऱ्या वर्षी सोडून गेले. डायबेटिक फूटवर थिसिस होता, निम्मे पेशंट गोळा झाले होते. निरोपाचे पेढे मीच वाटले आणि दुसऱ्या दिवशी गाईडबदलाचा अर्ज घेऊन कार्यालयात उभा राहिलो. नव्या सरांना विषय पसंत नव्हता. विद्यापीठाची परवानगी येईपर्यंत पाच महिने गेले. त्या पाच महिन्यांत मी ओटीपेक्षा (ऑपरेशन थिएटर) झेरॉक्सच्या दुकानात जास्त दिसायचो.

आणखी एक गोष्ट, जी माहितीपुस्तिकेत कधीच नसते. सर्जरीतलं अर्धं शिक्षण वरच्या जेआरकडून, म्हणजे पुढच्या वर्षात पीजी करणाऱ्या ज्युनियर रेसिडेंटकडून होतं. गाठ कशी बांधायची, ड्रेन (आतलं पाणी बाहेर काढणारी नळी) कुठे टाकायचा, रात्री कुठल्या सरांना कधी फोन करायचा आणि कधी करायचा नाही, हे प्रोफेसर शिकवत नाहीत. पहिल्या बॅचला वरचा जेआरच नसतो. त्यामुळे विभागात सीनियर रेसिडेंट (पीजी पूर्ण झालेले निवासी डॉक्टर) आणि तरुण लेक्चरर किती, ते इमर्जन्सीला स्वतः येतात का, यावर पहिल्या दोन बॅचचं सगळं अवलंबून असतं. ते असतील तर पहिली बॅच उलट नशीबवान, केसला वाटेकरी कमी आणि हात लवकर चालायला लागतो. ते नसतील तर तुम्ही तीन वर्षं डिस्चार्ज कार्डं लिहाल.

वॉर्डात एक चक्कर

मंगळवार-बुधवारी सकाळी अकराला जा, परवानगी घेऊन. फोटो काढू नका, कुणाचे केस पेपर चाळू नका.

खऱ्या सर्जरी वॉर्डाला वास असतो. बीटाडीनचा, आणि कोपऱ्यातल्या मधुमेही पायाच्या ड्रेसिंगचा. खाटेखाली चपला असतात, लॉकरवर केळी आणि स्टीलचा डबा, नातेवाईक जमिनीवर चटई टाकून बसलेले. कुणाच्या नाकात नळी, कुणाच्या कुशीतून ड्रेन. याउलट चादरी कडक इस्त्रीच्या, पेशंट टुणटुणीत, कुणाच्याही हाताला सलाइनची खूण नाही, असा वॉर्ड मी पाहिलाय. त्या आठवड्यात इन्स्पेक्शन होतं.

पेशंट येतात कुठून, तेही विचारा. खासगी कॉलेजात बरेचसे महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून येतात. योजनेतल्या काही शस्त्रक्रिया सरकारी रुग्णालयांसाठी राखीव आहेत. म्हणजे ज्या साध्या केसेसवर नवशिक्याचा हात बसतो, त्यातल्या काही खासगीत योजनेतून होतच नाहीत. मग कॉलेज त्या स्वतःच्या खर्चाने फुकट करतं का? करत असेल तर चांगली खूण आहे. शिबिरं भरवून गाडीने पेशंट आणतात का? त्यातही गैर काही नाही, पण शिबिर बंद पडलं की ओटी रिकामी पडते, हे लक्षात ठेवा.

महिन्याला किती मोठ्या शस्त्रक्रिया होतात, हा आकडा सगळे अभिमानाने सांगतात. त्याला जेआरच्या संख्येने भागा. समजा साठ सांगितल्या आणि त्यातल्या चाळीस सरांच्या खासगी पेशंटच्या निघाल्या. उरल्या वीस, जेआर सहा, प्रत्येकी तीन. त्यातही जखम उघडी ठेवणारा रिट्रॅक्टर धरून उभं राहणं किती आणि सुरी हातात किती, हा पुढचा हिशेब.

रात्री अकराला

सर्जरीच्या इमर्जन्सीच्या दिवशी कॅज्युअल्टीबाहेरच्या चहाच्या गाड्यावर तासभर बसा. आपल्या भागात रात्रीच्या पेशंटची वाण नाही. पुणे-बेंगळुरू महामार्गावरचे अपघात, ऊसतोडीच्या हंगामात ट्रॉलीखाली आलेले, बैलाने पोटात शिंग घातलेले. हे लोक आत जातात, की दारातूनच पुढे पाठवले जातात? एकशे आठची गाडी इथे थांबते की सरळ पुढे जाते? तिच्या चालकाशी चहा पिता पिता बोला, त्याला सगळं ठाऊक असतं.

आणि आता भूलतज्ज्ञ. फुटलेल्या आतड्याचा पेशंट रात्री दोनला आला तर सर्जन तयार असून भागत नाही. भूल देणारा इमारतीत हवा, रक्तपेढी उघडी हवी, सीटी चालू हवा, ऑपरेशननंतर आयसीयूत खाट हवी. भूलतज्ज्ञ दोनच असतील आणि रात्री घरून येत असतील, तर तो पेशंट पुढे पाठवला जातो आणि तुमची लॅपरोटॉमी (पोट उघडून करायची शस्त्रक्रिया) त्याच्याबरोबर जाते. भूलशास्त्राची पीजीही त्याच कॉलेजात सुरू असेल तर मला सर्जरीच्या दहा जाहिरातींपेक्षा ते जास्त पटतं.

आतल्या पोरांशी बोलताना

'कसं आहे रे इथे?' असं विचारलंत तर 'चांगलं आहे' असंच उत्तर येईल, कारण मागे लेक्चरर उभे असतात. बाहेर नाश्त्याला न्या आणि विचारा, "गेल्या आठवड्यात तू स्वतः काय काय केलंस?" दुसऱ्या वर्षाचा मुलगा दोन हर्निया, एक अपेंडिक्स, एक आयसीडी (छातीत घालायची नळी) असं पटापट मोजायला लागला तर ठीक. तो आठवायला लागला तर तेच उत्तर. मग थिसिसची सायनोप्सिस (आराखडा) वेळेत गेली का, केस प्रेझेंटेशन शेवटचं कधी झालं, जिल्हा रुग्णालयातली तीन महिन्यांची सक्तीची पोस्टिंग कुठे मिळते. स्टायपेंड कागदावर किती आणि खात्यात किती, दर महिन्याला की चार महिन्यांनी एकदम. कुणी सोडून गेलं का, आणि का. गेलेल्याचा नंबर मिळाला तर त्यालाही फोन करा, पण त्याचा राग वजा करून ऐका.

बाहेरची साख विचारायची तर पुण्याच्या मोठ्या सर्जनला विचारू नका, त्याला काही माहीत नसतं. जत, आटपाडी, विटा, दहिवडीच्या जनरल प्रॅक्टिशनरला विचारा की पोट फुगलेला पेशंट ते कुठे पाठवतात आणि तिथून त्यांना डिस्चार्जची चिठ्ठी परत येते का. मिरजेत वॉनलेस डॉक्टरांनी १८९४ साली रुग्णालय उभारलं तेव्हा तेही नवंच होतं. बरा होऊन गेलेला पेशंट गावाकडून दुसरा घेऊन आला, तेव्हा त्याचं नाव झालं.

भाचा दोन दिवस तिथे जाऊन आला, त्यातली एक रात्र चहाच्या गाड्यावर. प्रमुख ५२ वर्षांचे, गावातलेच. लेक्चरर तिघे, त्यातले दोघे रात्री स्वतः येतात. भूलतज्ज्ञ पाच, आणि भूलशास्त्राची पहिली बॅच त्याच वर्षी येणार होती. स्टायपेंड मात्र दोन महिने उशिरा. चौथ्या दिवशी माझ्या टेबलावरच त्याने प्राधान्यक्रम भरला. वरच्या पसंतीची जागा मिळाली की खालच्या पसंतीचा विचार होत नाही, म्हणून क्रम 'मिळेल काय' यावर न लावता 'हवं काय' यावर लावायचा, आणि जिथे रुजू व्हायचंच नाही ते कॉलेज यादीत घालायचंच नाही, एवढं मी सांगितलं. त्याने पुण्यातलं एक मोठं नाव खोडलं, हे कॉलेज चौथ्या क्रमांकावर टाकलं आणि विचारलं, "मामा, तिथे मेस कशी आहे ते बघायचं राहिलं."