एडिटर आला, मॅन्युअल राहिलं

पहिली नोकरी ऐरोलीच्या एका डेटा सेंटरमध्ये लागली. काम लिनक्स सर्व्हर सांभाळायचं, पाळी रात्रीची. दारात मोबाइल लॉकरमध्ये टाकायचा, पेनड्राइव्ह असेल तर सिक्युरिटीवाले काका वहीत नोंद करून ठेवून घ्यायचे, आणि आतल्या मशीनवर इंटरनेट नाही. इंटरव्ह्यूत यातलं काही कुणी बोललं नव्हतं.

तिसऱ्याच रात्री एका कॉन्फिग फाइलमध्ये जुना आयपी पत्ता (नेटवर्कवरचा मशीनचा आकडी पत्ता) काढून नवा टाकायचं काम आलं. दोनशेच्या आसपास ठिकाणं. कॉलेजात असतो तर नोटपॅड प्लस प्लस या एडिटरमध्ये, म्हणजे मजकूर लिहायच्या-बदलायच्या सॉफ्टवेअरमध्ये, कंट्रोल-एच दाबून मिनिटात मोकळा झालो असतो. इथे समोर काळं टर्मिनल आणि त्यात व्हीआय हा कीबोर्डवरच्या कमांडांनी चालणारा जुना एडिटर. गूगल नाही, विचारायला शेजारी कुणी नाही. कोलन दाबून ‘हेल्प’ लिहिलं, एंटर मारला. उत्तर काय, तर मदतीची फाइलच सापडत नाही.

सगळे पत्ते हाताने बदलले. पहाटे चारला सीनियर चहा घेऊन आले, दोन मिनिटं मागे उभे राहिले आणि म्हणाले, “अरे, हे एका ओळीचं काम आहे.” कोलन, टक्क्याचं चिन्ह, एस, मग तिरप्या रेघांच्या मध्ये जुना शब्द आणि नवा शब्द, शेवटी जी. झालं. वर त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या, त्या तुम्हीही लिहून ठेवा. आयपी पत्ता शोधताना प्रत्येक टिंबाआधी उलटी तिरपी रेघ द्यायची. नाहीतर टिंब म्हणजे ‘कुठलंही एक अक्षर’ असं विम (व्हीआयचा सुधारित अवतार, लिनक्सवर बहुधा तोच असतो) समजतं आणि भलतंच काहीतरी बदलून बसतं. आणि शेवटच्या जीपुढे सी जोडला की प्रत्येक बदलाआधी ते विचारतं. नवीन माणसाने सी जोडावाच.

हेल्प का सापडली नाही, हे मला घरी आल्यावर कळलं. मी धरून चाललो होतो की एडिटर म्हणजे एक वस्तू, आणि तिचं माहितीपुस्तक तिच्या पोटातच असणार. तसं नसतं. रेड हॅटच्या घराण्यातल्या लिनक्सवर व्हीआय म्हणून जे मिळतं ते ‘विम-मिनिमल’ नावाचं छोटं पॅकेज असतं. हेल्पच्या फाइली ‘विम-कॉमन’ या दुसऱ्या पॅकेजात. डेबियन-उबंटू या दुसऱ्या घराण्यात छोटं ते ‘विम-टायनी’, आणि हेल्प ‘विम-रनटाइम’मध्ये. सर्व्हर हलका ठेवायचा म्हणून बसवणारे छोटं तेवढं टाकतात. ईमॅक्स या दुसऱ्या जुन्या एडिटरची तर आणखी गंमत. त्याच्या मॅन्युअलच्या लायसन्समध्ये काही भाग कुणी बदलू नये अशी अट आहे, म्हणून डेबियनने 2006 साली अशी पुस्तकं आपल्या ‘मुक्त’च्या (कुणीही वापरावं, बदलावं, वाटावं अशा) व्याख्येत बसत नाहीत असं ठरवलं. तेव्हापासून डेबियनवर ईमॅक्स मुख्य विभागात आणि त्याचं मॅन्युअल ‘नॉन-फ्री’ विभागात. मुक्त सॉफ्टवेअर चळवळीचा लाडका एडिटर, आणि पुस्तक मात्र वेगळ्या पंगतीत!

म्हणून नव्यांना माझं पहिलं सांगणं: एडिटर डाउनलोड कराल त्याच बैठकीत त्याचं मॅन्युअलही उतरवून घ्या, आणि नेट बंद करून ते उघडतं का बघा. दोन मिनिटांचं काम आहे.

आता उतरवायचं कुठून. कॉलेजात असताना मी सर्चमध्ये एडिटरचं नाव टाकून वरच्या पहिल्या दुव्यावर गेलो. तिथे भलंमोठं हिरवं डाउनलोड बटण. दाबलं, नेक्स्ट-नेक्स्ट करत गेलो. एडिटर आला, सोबत ब्राउझरला टूलबार आला, होमपेज बदललं, आणि लॅब असिस्टंटसमोर उभं राहायची वेळ आली. वरचा दुवा जाहिरात होता. तेव्हापासून मी सर्चमधून थेट उतरवतच नाही. कमांड देऊन सॉफ्टवेअर उतरवणारी साधनं वापरतो: लिनक्सवर एपीटी किंवा डीएनएफ, विंडोजवर विनगेट. ते नसेल तर विकिपीडियाच्या लेखातल्या उजव्या चौकटीत अधिकृत साइटचा पत्ता असतो, तिथून जातो. साइटवर एसएचए-256 चा हॅश, म्हणजे फाइलीचा जणू अंगठ्याचा ठसा, दिलेला असेल तर विंडोजच्या पॉवरशेलमध्ये गेट-फाइलहॅश, लिनक्सवर एसएचए-256-सम चालवून ताडून बघतो. 64 अक्षरं असतात. खरं सांगायचं तर मी पहिली आणि शेवटची सात-आठच बघतो. तुम्ही सगळी बघा.

लॅबच्या कॉम्प्युटरवर ॲडमिनचा पासवर्ड नसेल तरी अडत नाही. नोटपॅड प्लस प्लसची पोर्टेबल झिप मिळते, ती उघडली की चालते, इन्स्टॉल करावं लागत नाही. 2003 पासून डॉन हो यांनी तो जीपीएल या मुक्त लायसन्सखाली दिलेला आहे.

फुकट आणि मुक्त यांतला फरकही कंपनीत गेल्यावर टोचतो. सब्लाइम टेक्स्ट उतरवायला पैसे लागत नाहीत आणि मुदतही संपत नाही, पण ते वापरून बघण्यापुरतं. कायम वापरायचं तर लायसन्स विकत घ्यायचं असतं. मायक्रोसॉफ्टच्या व्हीएस कोड या एडिटरचा सोर्स कोड एमआयटी या मुक्त लायसन्सखाली आहे, पण कंपनी जी तयार फाइल देते तिचं लायसन्स वेगळं. ऑडिटवाले लॅपटॉप तपासायला आले की ‘सगळे वापरतात’ हे उत्तर चालत नाही.

एडिटर कुठलाही घ्या, मराठी माणसाने एक चाचणी करावी. नव्या फाइलमध्ये फक्त ‘मराठी’ एवढा शब्द लिहा, एंटर न मारता सेव्ह करा आणि फाइलचा आकार बघा. म, र, काना, ठ, दुसरी वेलांटी अशी ही पाच चिन्हं. यूटीएफ-8 मध्ये (अक्षरं फाइलमध्ये साठवायची आजची रूढ पद्धत) देवनागरीच्या प्रत्येकाला तीन बाइट, म्हणजे 15. आकार 18 दिसला तर एडिटरने सुरुवातीला बॉम नावाचे तीन बाइट चिकटवलेत. डोळ्यांना ते दिसत नाहीत, पण लिनक्सच्या स्क्रिप्टची पहिली ओळ त्यांनी बिघडते. आणि 5 दिसला, तर फाइल एएनएसआय या विंडोजच्या जुन्या पद्धतीत गेली, तिच्यात देवनागरी नाही, आणि आत पाच प्रश्नचिन्हं बसलीत. विंडोजचं नोटपॅड 2019 पर्यंत आपणहून एएनएसआयच धरायचं. सेव्ह करताना इशारा यायचा, आणि मी तो न वाचता ओके दाबायचो. प्रोजेक्टसाठी गोळा केलेली गावांची अख्खी यादी अशीच गेली. प्रश्नचिन्हांतून गावं परत येत नाहीत. (प्रश्नचिन्हांऐवजी रोमन अक्षरांची खिचडी दिसली तर बहुधा मजकूर श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टात टाइप केलेला असतो. त्यात एडिटरचा दोष नाही, कन्व्हर्टर शोधा.) यूटीएफ-8, बॉम, एएनएसआय ही एन्कोडिंगच्या मेनूतली नावं मला नोटपॅड प्लस प्लसच्या मॅन्युअलमधूनच उलगडली. ते मॅन्युअल स्वतंत्र साइटवर आहे, म्हणून कित्येकांना त्याचा पत्ताच नसतो.

मॅन्युअल वाचायचं कसं, यावर फार बोलत नाही. विमसोबत ‘विमट्यूटर’ येतो, अर्ध्या तासात होतो. तो धड्याच्या फाइलची प्रत उघडतो, त्यामुळे बिनधास्त बिघडवा. हेल्पमध्ये रंगीत शब्दावर कर्सर नेऊन कंट्रोल आणि उजवा चौकोनी कंस दाबला की त्या विषयावर उडी, कंट्रोल-टी ने परत. हेल्पचे दोन भाग आहेत: यूजर मॅन्युअल गोष्टीसारखं ओळीने वाचायचं, रेफरन्स मॅन्युअल अडल्यावर. मी सुरुवातीला रेफरन्स वाचायला बसलो आणि दोन दिवसांत कंटाळलो.

विम उघडल्यावर युगांडातल्या गरीब मुलांना मदत करा अशी ओळ दिसते. मला ती पहिल्यांदा व्हायरस वाटली होती, टूलबारचा अनुभव ताजा होता ना! मग हेल्पमध्येच वाचलं. विम लिहिणारे ब्राम मूलेनार हे डच गृहस्थ किबाले इथल्या मुलांच्या केंद्रावर काम करून आले होते. विम फुकट वापरा, जमलं तर तिकडे द्या, एवढंच त्यांचं म्हणणं. 2023 च्या ऑगस्टमध्ये ते गेले.

आमच्या सर्व्हरवर विम-कॉमन बसवायला रीतसर चेंज रिक्वेस्ट (बदलाच्या परवानगीचा अर्ज) टाकावी लागली आणि मंजुरी येईपर्यंत आठवडे गेले. तोवर काय करायचं? मोबाइल नाही, पेनड्राइव्ह नाही. पण कागदाला मनाई नव्हती. यूजर मॅन्युअलची दुसरं, तिसरं, चौथं आणि दहावं अशी चार प्रकरणं घरून प्रिंट करून नेली; बदलाबदलीची ती कमांड दहाव्यात आहे. काकांनी गठ्ठा उलटसुलट केला, वहीत ‘पुस्तक, 1 नग’ असं लिहिलं आणि आत सोडलं. नोकरी सोडताना तो रात्रपाळीच्या ड्रॉवरमध्येच ठेवून आलो. दहाव्या प्रकरणाचं पान तोवर निखळून सुटं झालं होतं.