डिझेल ट्रकला दुसऱ्या गाडीचा पेडल सेन्सर बसवताय? या चुका टाळा

गाडी रेस घेत नाही, आरपीएम ठरावीक आकड्याच्या वर चढत नाही, चेक लाइट पेटलेला आणि स्कॅनरवर पी२१३८, पी२१२२ किंवा एसपीएन ९१ असा कोड. कॉमन रेल इंजिनाच्या ट्रकवर ही तक्रार आली की बहुतेक ठिकाणी लगेच निकाल लागतो: पेडल सेन्सर गेला. मग मूळ पार्ट मिळत नाही, किंवा अख्खी पेडल असेंब्ली घ्यावी लागते, म्हणून दुसऱ्या गाडीचा सेन्सर जुळवून बसवायचं ठरतं. हे काम नीट होऊ शकतं. पण हा सेन्सर चुकला तर भरलेली गाडी आपोआप रेस घेऊ शकते, हे लक्षात ठेवूनच वायरला हात लावा.

पहिली चूक दुकानातच होते. पेट्रोल गाडीत टीपीएस (थ्रॉटल पोझिशन सेन्सर) हवेच्या वाटेवरच्या थ्रॉटल बॉडीवर असतो. डिझेल ट्रकमध्ये चालकाची रेस ईसीएमला (इंजिनाच्या कॉम्प्युटरला) कळते ती पेडलवरच्या सेन्सरकडून. बीएस-४, बीएस-६च्या काही डिझेल इंजिनांत हवेच्या वाटेवर ईजीआरसाठी (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडण्यासाठी) वेगळी थ्रॉटल झडप असते आणि तिलाही पोझिशन सेन्सर असतो. काउंटरवर नुसतं ‘टीपीएस द्या’ म्हटलं तर भलताच पार्ट हातात पडतो. जुना सेन्सर सोबत न्या आणि त्यावरचा नंबर दाखवा.

दुसरी चूक म्हणजे सेन्सर खरंच गेलाय का, हे न पाहता तो बदलणं. इग्निशन चालू, इंजिन बंद ठेवून कपलरच्या (वायर जोडायच्या प्लगच्या) मागच्या बाजूने मल्टीमीटरची पिन लावा आणि सप्लाय ५ व्होल्ट आहे का बघा. वायरच्या इन्सुलेशनला सुई टोचू नका. त्या भोकातून पाणी शिरतं आणि पावसाळ्यानंतर आतली तार हिरवी पडलेली सापडते. २४ व्होल्टचा टेस्ट लॅम्प तर या वायरला लावूच नका, तो ईसीएमच्या सप्लायवर नको तितका लोड टाकतो. ५ व्होल्टपेक्षा कमी येत असेल तर दोष दुसरीकडे असू शकतो. बऱ्याच गाड्यांत हाच सप्लाय बूस्ट किंवा रेल प्रेशर सेन्सरलाही जातो आणि त्यातला एक शॉर्ट झाला की सगळ्यांचे व्होल्ट खाली ओढले जातात. अशा वेळी एकेक कपलर काढत जा. जो काढल्यावर व्होल्ट परत येतात, ती लाइन तपासा. ग्राउंडही बघा: कपलरच्या ग्राउंड पिनपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत ०.१ व्होल्टपेक्षा जास्त दिसत असेल तर आधी ते दुरुस्त करा. ब्रेक स्विच अडकला तरी बऱ्याच गाड्यांत ईसीएम रेस तोडतो. त्या छोट्याशा स्विचपायी चांगले सेन्सर फेकले जातात, याचं मला फार वाईट वाटतं.

आता मुख्य मुद्दा, कारण सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. कपलर बसला म्हणजे सेन्सर जुळला, असं होत नाही. पेडल सेन्सरमध्ये बहुधा दोन स्वतंत्र ट्रॅक (पेडलची जागा मोजणारे भाग) असतात: दोन सप्लाय, दोन ग्राउंड, दोन सिग्नल, अशा सहा पिना. एक नेहमीची जोडी अशी: पाय काढलेला असताना पहिला सिग्नल ०.७५ व्होल्टच्या आसपास आणि दुसरा त्याच्या निम्मा. पेडल पूर्ण दाबल्यावर पहिला ३.८च्या आसपास आणि दुसरा १.९. काही गाड्यांत मात्र दोन्ही सिग्नल ठरावीक फरक ठेवून बरोबरीने चढतात, तर काहींत एक चढतो आणि दुसरा उतरतो. ईसीएम दोन्ही साक्षी सतत पडताळतो आणि त्या जुळल्या नाहीत की पी२१३८ टाकून रेस तोडतो. म्हणून जुना सेन्सर अजून थोडाफार चालत असेल तेव्हाच त्याचे आकडे लिहून घ्या: पेडल सोडलेलं, अर्धं आणि पूर्ण दाबलेलं असताना, दोन्ही ट्रॅकचे. नवा सेन्सर त्या आकड्यांशी ताडून बघा. जोडीची पद्धतच वेगळी असेल तर तो सेन्सर परत करा.

काही गाड्यांत दुसऱ्या ट्रॅकच्या जागी आयडल स्विच (पेडल सोडलंय की दाबलंय हे सांगणारा) असतो. तिथे पेडल जरा हललं, सिग्नल चढू लागला की लगेच स्विच बदलला पाहिजे. तो उशिरा किंवा आधी बदलला तरी कोड येतो.

वायरच्या रंगावर विसंबू नका. पिन नंबर कपलरवर कोरलेले असतात, ते बघा. पोटेन्शिओमीटर (सरकत्या रेझिस्टरच्या) प्रकारात सप्लाय आणि ग्राउंड उलटे लागले तर सिग्नलही उलटा होतो: पाय वर असताना ०.७५च्या जागी सव्वाचार व्होल्ट. हॉल प्रकारचा (चुंबकावर चालणारा) सेन्सर उलट्या जोडणीने जळू शकतो. हॉल सेन्सर ओहममध्ये मोजण्यातही अर्थ नाही, त्याला सप्लाय देऊन व्होल्टच मोजावे लागतात.

एक जुगाड मात्र कोणीही करू नये. सेन्सरला एकच ट्रॅक आहे म्हणून त्याच सिग्नलला दोन रेझिस्टर लावून निम्मे व्होल्ट काढायचे आणि ते दुसरा सिग्नल म्हणून ईसीएमला द्यायचे. कोड जातो, गाडी पळते, मालक खूश होतो. पण तो एक ट्रॅक बिघडला की दोन्ही सिग्नल सारखेच चुकतात आणि ईसीएम त्यावर विश्वास ठेवतो. कसारा घाट उतरताना अशी गाडी रेस घेऊ लागली तर काय होईल, याचा विचार करा. दोन ट्रॅकचे सप्लाय-ग्राउंड एकत्र पिळून टेप मारणंही याच जातीचं. एका सांध्यात गंज धरला की दोन्ही सिग्नल बिघडतात.

बसवतानाही घाई नको. सेन्सर लिव्हरवर असेल तर पेडलचा शेवट त्याच्या स्वतःच्या स्टॉपवर झाला पाहिजे, सेन्सरच्या आतल्या टोकावर नव्हे. नाहीतर चालकाच्या पायाचा सगळा जोर प्लॅस्टिकवर येतो आणि ते तडकतं. आयडलचे व्होल्ट जमेनात म्हणून पेडलखाली वॉशर घालू नका. स्क्रूच्या लांबट भोकात सेन्सर फिरवून आकडा जमवा आणि मग घट्ट करा. सांधे क्रिंप करून गोंदवाल्या हीट श्रिंक नळीने बंद करा. नुसत्या सोल्डरचा सांधा सोल्डर संपतो तिथे हादऱ्याने तुटतो. वायर अल्टरनेटर आणि स्टार्टरच्या जाड केबलपासून दूर न्या.

काही ईसीएम इग्निशन देताच पेडलची शून्य जागा शिकतात. त्या वेळी पाय पेडलवर नको. काहींना स्कॅनरने लर्निंग द्यावं लागतं. कोड पुसा आणि लाइव्ह डेटाच्या ग्राफवर नजर ठेवून पेडल अगदी हळू दाबा. रेष मध्येच तुटली तर ट्रॅक खराब आहे. डिजिटल मीटरला तो क्षणाचा खंड बहुधा दिसत नाही. मग इंजिन बंद ठेवूनच हार्नेस (वायरांचा जुडगा) हलवून पाहा. चाकांना ओट (अडसर) लावून गाडी जागेवर सुरू करा, नंतर सपाट रस्त्यावर रिकामी चालवा आणि परतल्यावर पुन्हा कोड बघा. माल भरून घाटात त्यानंतरच.

वायरिंग बदललं असेल तर कोणती वायर कोणत्या पिनला गेली ते कागदावर लिहून फ्यूज बॉक्सच्या झाकणाच्या आतून चिकटवा. पुढे दुसऱ्या गॅरेजमध्ये कोणी कंपनीची आकृती घेऊन बसला, तर त्याला त्याच कागदाचा आधार असेल.