भंडारदऱ्यातील तंबूनिवासात काजव्यांची रात्र पाहुण्यांच्या लक्षात राहावी, यासाठी

मेअखेरीपासून पाऊस स्थिरावेपर्यंत भंडारदरा परिसरात काजवे पाहायला येणारा पाहुणा उंची तंबूतील मऊ गादी आणि स्वच्छ न्हाणीघर गृहीतच धरतो. त्याच्या स्मरणात राहतो तो अंधार, आणि म्हणून निवास चालवणाऱ्याने सर्वाधिक जपावा तोही अंधारच. नर-मादी काजवे प्रकाशाच्या संकेतांनीच एकमेकांना शोधतात, त्यामुळे दिव्यांच्या माळा, मोटारींचे झोत आणि मोबाइलचे फ्लॅश त्यांच्या मीलनात अडथळा आणतात. वाटेवर गुडघ्याच्या खाली, जमिनीकडे तोंड केलेले मंद तांबडे दिवे लावावेत आणि पाहुणे जागेवर बसताच तेही मालवावेत.

हिरडा, बेहडा किंवा सादड्याच्या झाडापासून थोड्या अंतरावर त्यांना बसवून पंधरा-वीस मिनिटे कोणीही काही बोलू नये. डोळे अंधाराला सरावले, की एका फांदीवरची लुकलुक पाहता पाहता सगळ्या झाडावर पसरते. त्या क्षणी माहिती सांगणारा वाटाड्या मला चुकीचाच वाटतो. झाडाखालचे गवत मात्र तुडवू देऊ नये, कारण काजव्यांची अंडी आणि अळ्या ओलसर मातीतच वाढतात.

वाटाड्या गावातलाच नेमावा. वळवाची सर अचानक येते, म्हणून तंबूभोवती आधीच चर खणावेत. परतलेल्या पाहुण्याला कोरडा पंचा, गवती चहा आणि चुलीवरून थेट ताटात उतरलेली, पापुद्रा सुटलेली नाचणीची भाकरी द्यावी.