उघड्या जीपला लेदर की कापड? खान्देशातल्या ऊन-पावसात टिकणारी सीट कशी निवडावी

शोरूमच्या एसीत उभं राहून सीटबद्दल सल्ला देणारे पुष्कळ भेटतील. त्यांचं ऐकून जीपची सीट शिवू नका. त्यांच्या गाड्या छपराखाली आणि बंद काचांत असतात. आपल्याकडे जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि जुलैत तीच गाडी हूड काढून तोरणमाळच्या घाटात चिंब भिजते. हे दोन्ही एकाच सीटला सोसायचं असतं. आधी जुनी एमएम ५४० आणि नंतर थार अशा दोन गाड्यांच्या सीटा मी चार वेळा शिवून घेतल्या आहेत. त्यातल्या दोन वेळचे पैसे पूर्ण वाया गेले.

दुकानात काय दाखवतात ते आधी ओळखा

‘लेदर’ म्हणून जे दाखवतात ते बहुतेक वेळा रेक्झिन असतं. तुकडा उलटा करून पाहा. मागे विणलेलं कापड दिसलं तर रेक्झिन, सुटे मऊ तंतू दिसले तर कातडं.

खरं कातडं असेल तर सरळ नको म्हणा. कमावताना कातड्यात तेल मुरवलेलं असतं, त्यामुळेच ते मऊ राहतं. आपलं ऊन ते तेल ओढून घेतं. त्यात ते भिजून वाळलं की आकसतं, ताठ होतं, चिरतं, आणि श्रावणात त्यावर बुरशी धरते. बंद गाडीत कातडं खुशाल लावा, उघड्या जीपला नाही.

रेक्झिनमध्ये वरच्या प्लास्टिकच्या थरावरून दोन जाती, पीयू आणि पीव्हीसी. पीयूचं हाताला छान लागतं, पण दमटपणात त्याचा वरचा थर पापुद्र्यांनी सुटतो. पीव्हीसीचं पाणी चांगलं अडवतं, मात्र त्याला मऊ ठेवणारं द्रव्य उष्णतेनं हळूहळू निघून जातं आणि दोन-तीन उन्हाळ्यांत साधा माल तडकायला लागतो. रेक्झिनच घ्यायचं असेल तर बोटींच्या सीटसाठी बनतं ते ‘मरीन’ दर्जाचं मागा. ऊन आणि बुरशी सोसण्यासाठी त्यात वेगळी द्रव्यं घातलेली असतात.

कापडात सुती नको. ते पाणी धरून ठेवतं आणि कुजतं. जाड पॉलिस्टर चालतं. दुकानांपुढच्या चांदण्यांना वापरतात तसलं ॲक्रिलिक कापड मिळालं तर उत्तम, कारण त्याचा धागा मुळातच रंगीत बनवलेला असतो. हळकुंड मोडलं तर आतही पिवळंच निघतं, तसा हा रंग. उन्हात सहजासहजी विटत नाही.

तुमची गाडी काय वाहते?

रावेर-यावलकडे केळीच्या बागेत रोज जाणं असेल तर रेक्झिन घ्या, दुसरा विचार करू नका. केळीचा चीक कापडावर पडला की काळपट तपकिरी डाग पडतो आणि तो जन्मभर राहतो. मी लिंबू, सोडा, साबण सगळं करून पाहिलं आहे. रेक्झिनवरचा ताजा चीक ओल्या फडक्यानं लगेच पुसला जातो. रॉकेलनं मात्र पुसू नका, त्यानं रेक्झिन कडक होतं. बाकी सगळ्यांना, म्हणजे जे सुट्टीच्या दिवशी सातपुड्यात भटकतात, पोराबाळांना घेऊन नदीवर जातात, त्यांना मी कापडच सांगेन.

उन्हाची परीक्षा

नमुन्याचे तुकडे मागून आणा. दुपारी बारा ते दोन बोनेटवर ठेवा आणि नंतर त्यावर उघडा हात दाबून धरा. काळ्या रेक्झिनवर तुम्हाला दहा आकडेही मोजता येणार नाहीत. हाफ पँट घातलेलं पोरगं त्यावर बसणार आहे, हे लक्षात घेऊन रंग ठरवा. फिकट खाकी किंवा राखाडी घ्या.

शिलाई: सगळा खेळ इथे आहे

इथेच मी फसलो होतो, म्हणून सविस्तर सांगतो.

थारला मी हौसेनं जाड पीव्हीसी रेक्झिन चढवलं होतं, पूर्ण बैठकीवर चौकटीचौकटीची डायमंड शिलाई मारून. दिसायला देखणी सीट झाली. रेक्झिनमधून पाणी जात नाही, तेव्हा आता पावसाची चिंता मिटली, असं मी धरून चाललो. जुलैत तोरणमाळला गेलो, घाटात अर्धा तास पाऊस झोडपत होता. वर यशवंत तलावापाशी थांबून सीट कोरड्या रुमालानं पुसली. हाताला अगदी कोरडी लागली. बसलो आणि दोन मिनिटांत पँट ओली. उठून पाहिलं तर प्रत्येक टाक्याच्या भोकातून पाण्याचा बारीक थेंब वर आलेला, आणि हाताने दाबलं की शेजारच्या भोकांतून आणखी थेंब यायचे.

सुईनं पाडलेलं प्रत्येक भोक हे पाण्याचं दार असतं. डायमंड शिलाईत अशी हजारो दारं बरोबर बैठकीच्या खोलगट भागात येतात, जिथे पाणी साचतं. फोम ते पिऊन घेतो. वरून रेक्झिन असल्यामुळे वारा आत जात नाही, म्हणून तो वाळत नाही. आठ दिवसांत गाडीला कुबट वास सुटला. दिवाळीनंतर सीट उसवली तेव्हा फोमच्या खालच्या बाजूला काळी बुरशी होती आणि लोखंडी चौकटीवर गंज धरला होता. धुळ्याचा एक जुना कुशनवाला ते बघून एवढंच म्हणाला, “भाऊ, पानी मझार जास, बाहेर निंघत नही.” म्हणजे पाणी आत जातं, बाहेर निघत नाही. माझ्या चुकीचं याहून नेमकं वर्णन मला आजवर करता आलेलं नाही.

म्हणून कारागिरापाशी उभं राहून या गोष्टी करून घ्या. डायमंड शिलाई नको म्हणजे नको. कितीही आग्रह झाला, शेजाऱ्याच्या गाडीत कितीही शोभून दिसत असली तरी नको. बैठकीचा मधला भाग एकसंध तुकड्याचा ठेवा आणि जोड कडेला, उभ्या बाजूवर घ्या. दोरा पॉलिस्टरचा जाड वापरायला लावा. सुती दोरा कुजतो, नायलॉन उन्हानं कमजोर होतो, आणि मग टाका सुटला की कापड कितीही भारी असून उपयोग नाही. रेक्झिन असेल तर जोडांना आतून वॉटरप्रूफ टेप मारून घ्या. ‘त्याची गरज नाही’ असं सांगणारा कारागीर बदला.

कापड घेतलंत तर उलटा विचार करा. तिथे पाणी आत जाणारच, ते अडवायच्या भानगडीत पडू नका. त्याला बाहेर पडायला वाट द्या. मी आता बैठक आणि पाठ कापडाची, आणि चढता-उतरताना घासते ती कड तेवढी मरीन रेक्झिनची ठेवतो. पाऊस उघडून चांगलं ऊन पडलं की अशी सीट दिवस-दोन दिवसांत आतपर्यंत वाळते. माझी रेक्झिनची सीट दिवाळीपर्यंत ओली होती.

फोम आणि खालची बाजू

फोम किमान ४० डेन्सिटीचा, म्हणजे घनमीटरला ४० किलो भरेल असा घ्या. हलका फोम खड्ड्यांच्या रस्त्यावर वर्षात बसतो. पाणी निथळून जाईल असा मोठ्या छिद्रांचा जाळीदार फोम मिळाला तर चार पैसे जास्त द्या. जुन्या जीपच्या सीटखाली सपाट पत्रा असेल तर त्याला निथळायला भोकं पाडा आणि कडांना रंग द्या. नव्या गाडीच्या सीटखाली वायरी असतात, तिथे ड्रिल लावू नका.

सीटच्या कडेला एअरबॅगची पट्टी असेल तर तिच्यावर कसलंही कव्हर चढवू नका.

पैसे देण्याआधी

सीट गाडीत बसवण्यापूर्वी दुकानातच तांब्याभर पाणी बैठकीवर ओता आणि दहा मिनिटं थांबा. रेक्झिन असेल तर वरून पुसा, जोडांवर वर्तमानपत्राचा कागद ठेवून गुडघ्यानं जोर द्या. कागद ओला झाला तर टेप मारलेली नाही, सीट परत उसवायला सांगा. कापड असेल तर सीट तिरकी धरा आणि खालून पाणी निथळतंय का ते बघा. थेंब पडायला लागले की निश्चिंत मनानं पैसे द्या.